दाराच्या आतला रंग

प्रिय अ-युन,

तुझे फोन येत होते ते मला दिसत होते, मीच उचलत नव्हते. ‘आई झोपलीय’ असं बाबांनी तुला सांगितलं ते खोटं. मी त्यांच्यासमोर बसून कालवं फोडत होते आणि हातातल्या सुरीनेच त्यांना नको नको म्हणून खुणावत होते. फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू काहीही विचारलंस तरी माझ्या तोंडून ‘जेवलीस का’ एवढंच निघतं, तू हो म्हणतेस, मग मी काय जेवलीस ते विचारते, आणि तुझा आवाज कंटाळतो. म्हणून लिहायला बसले. अक्षर लागलं नाही तर कुणाला वाचायला देऊ नकोस, तुझं तूच लाव.

आधी कामाचं. सिनेमा महिनाअखेर द्यायचाय, आवाजाचं काम तेवढं उरलंय आणि ते माझ्यापाशी अडलंय, हे मला कळतं. शेवटी तुझ्या सिनेमातली बहीण समुद्रावर येते, राखाडी पाणी हळूहळू निळं होतं आणि तिथे सॅक्सोफोन सुरू व्हायचा असतो. तो मी वाजवायचा ठरला होता, कारण तुझं म्हणणं, आपल्या दादावरच्या सिनेमात दुसऱ्या कुणाचा श्वास नको. मी तैपेईला आले, कानांना ते यंत्र लावलं, काचेपलीकडून तू बोट वर केलंस, आणि माझ्या तोंडून फुंकरच निघेना. तुम्ही पुन्हा लावलंत, पुन्हा तेच. मग मी वाद्य पेटीत घातलं, पोटात दुखतंय म्हणाले आणि गाडी पकडून बुदाईला परत आले. तेव्हापासून तुझा जीव टांगणीला आहे आणि माझाही. तू निरोपात लिहिलंस, ‘आई, तुला सिनेमा आवडला नसेल तर नसेल. मी दुसऱ्या वादकाला बोलावते नाहीतर ती जागा मुकी ठेवते, पण एकदा हो की नाही सांग.’ सांगते. पण मी एका शब्दात उत्तर देणारी बाई नाही, त्याला आता इलाज नाही.

त्याआधी तुझ्याबद्दल. स्टेशनवर घ्यायला आलीस तेव्हा मी तुला ओळखलंच नाही. म्हटलं, ही कोण लुकडी बाई माझ्याकडे बघून हसतेय. नखं खाऊन खाऊन बोटांची काय दशा करून घेतलीयस. त्या काळोख्या खोलीत सकाळी शिरता ते दिवस मावळल्यावर बाहेर येता, आणि पोटात काय, तर दुधाच्या चहातले ते काळे गोळे. त्याला जेवण म्हणत नाहीत. दादाला जाऊन सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी तुला रडताना पाहिलेलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. गावातले म्हणाले, मुलगी मोठी खंबीर निघाली. खंबीर कसली डोंबलाची. पाच वर्षं तू या सिनेमाला धरून उभी आहेस, तो एकदा हातातून गेला की तू कशाला धरशील, याचीच मला काळजी. बाबा म्हणतात, ‘हिला काळजीला काही मिळालं नाही तर ही भरती-ओहोटीची करेल.’ म्हणू देत. ते स्वतः काय करतायत ते पुढे लिहिते.

गेल्या हिवाळ्यात तुम्ही आपल्या गल्लीत चित्रीकरणाला आलात, तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही, आठवतं ना. चाळीस माणसांचं जेवण हे चांगलं निमित्त होतं. बाबा तर पहाटेच कालवांच्या तराफ्यावर पळाले आणि तुमचं सामान ट्रकात चढेपर्यंत परतले नाहीत. त्या गडबडीत, दादाच्या जागी ज्याचा फोटो फुलांच्या चौकटीत लावला होता तो नट, काई-शियांग, मागच्या दाराने माझ्याकडे आला. मेलेल्याचं काम केलं म्हणून तुम्ही त्याला रिवाजाप्रमाणे शकुनाच्या पैशांचं लाल पाकीट दिलं होतं, तरी चेहरा पार उतरलेला. मला म्हणाला, ‘मावशी, माझ्या आईने हा फोटो पाहिला तर ती मला घरात घेणार नाही.’ मी म्हटलं, बस इथे, आणि त्याला डुकराच्या पायांचा रस्सा घालून शेवया वाढल्या, अशुभ झटकायला देतात तशा. दोन वाट्या खाल्ल्या त्याने. खाताना तो दादासारखा अजिबात दिसत नव्हता, कान केवढे मोठे त्याचे. मला फार बरं वाटलं. मग तो गेल्यावर मी चुलीपाशी बसून रडले, रस्सा करपला, आणि तुझ्या माणसांनी तो करपलेला रस्सा वाहवा करत खाल्ला. शहरातल्या लोकांना चवीचं काही कळत नाही.

म्हणजे सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला तो तैपेईला, वाजवायच्या आदल्या दिवशी, सिनेमाचे रंग ठरवतात त्या खोलीत. तुझा रंगांचा माणूस, अ-खाई, मला आवडला. तीन गोळे फिरवून सगळं जग उन्हाळी करतो नाहीतर हिवाळी करतो, आणि तोंडाने सारखा माफी मागतो. तू मला समजावत होतीस की भाऊ गेल्यापासून रंग हळूहळू काढून घेतलेत, बघणाऱ्याला कळतही नाही कधी गेले, आणि शेवटी समुद्रावर ते परत येतात, संगीताबरोबर, म्हणजे ती सावरतेय हे न बोलता कळतं. मी म्हटलं, आपल्या भाताच्या कुकरसारखं का, लाल दिवा गेला, पिवळा लागला, झाला भात. अ-खाई हसला, तू नाही हसलीस. मग प्रेतयात्रेचं दृश्य आलं आणि मी विचारलं, शेजाऱ्यांच्या दारांवरचे लाल कागद कुठे गेले. त्या दिवशी आपलं एक दार सोडून अख्ख्या गल्लीच्या दारांवर लाल कागद होते, आमच्याकडे हे दुःख येऊ नये म्हणून लावतात ते. अ-खाईने एक गोळा फिरवला आणि सगळे लाल कागद एकदम पेटल्यासारखे दिसले. तू त्याला म्हणालीस, काढ ते. आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, ‘मला त्या दिवशी रंग दिसलेच नाहीत, आई.’ तुला जे दिसलं तेच तू दाखवलंस. सिनेमा खोटा आहे म्हणून मी पळाले असं मनात आणू नकोस.

बाबांचं मात्र तुला सांगायलाच हवं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की सिनेमात बाप मुलाच्या शवपेटीवर काठी मारतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी जेवताना विचारतात, ‘किती जोरात दाखवलंय?’ मी सांगते, मला आठवत नाही. मला चांगलं आठवतं. ते तीन ठोके तुम्ही एवढे मोठे केलेत की माझ्या खुर्चीचा पाय हादरला. आमच्या आधी गेलास, हा कसला मुलगा, म्हणून बापाने पेटीला तीनदा मारायचं, मग तिला उचलायचं, ही रीत बाबांनी काढलेली नाही. मी तेव्हा आतल्या खोलीत होते, पण कान उघडे होते. पहिला ठोका मला ऐकूच आला नाही. पुरोहित म्हणाला, ‘मालक, लागला पाहिजे.’ दुसराही तसाच. तेव्हा तुझ्या थोरल्या काकांनी त्यांचा हात धरून तिसरा मारवला. तू पेटीला खेटून उभी होतीस, तुला ते तोफांसारखे लागले असणार, मला कळतं. ठोके लहान कर असं मी म्हणत नाही. पण गावाच्या देवळापुढे सिनेमा दाखवशील तेव्हा बाबांच्या शेजारी तू बस, मी नको. मला त्यांचा हात धरवणार नाही.

आणि माझं म्हणशील, तर माझ्या वाट्याला तीही रीत नव्हती. पांढऱ्या केसांनी काळ्या केसांना, म्हणजे आईने पोराला, पोचवायचं नाही, एवढंच. श्वेई-गेन काकांच्या, प्रेतयात्रेत वाजवणाऱ्या बँडमध्ये मी लग्नाआधीपासून वाजवते, या किनाऱ्यावरची निम्मी माणसं माझ्या सॅक्सोफोनमागून गेली असतील, आणि त्यांच्या घरचे लोक कुठल्या रंगात उभे असतात ते मला झोपेतही सांगता येईल. मुलगा-सून जाड तागात, भावंडं पांढऱ्यात, नातवंडं निळ्यात, आणि कुणी पणतवंड असेल तर त्याला चक्क लाल, कारण एवढं आयुष्य काढलं म्हणजे आनंदच. सगळ्यांसाठी रंग ठरवून ठेवलाय आपल्या लोकांनी. मूल गेलेल्या आईसाठी मात्र नाही. तिने सुतकाचे कपडे घालायचे नाहीत, पेटीमागून चालायचं नाही, दारात यायचं नाही. आत बसायचं. त्या सकाळी तुला पांढरं नेसवायला बायका आल्या, तुझ्या डोक्याला पट्टी बांधली, आणि मी रोजच्या फुलाफुलांच्या झग्यात उभी. तुझ्या मोठ्या काकूने मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि बाहेरून म्हणाली, ‘पोराचा पाय अडकवू नकोस, त्याला जाऊ दे.’ वाईट नव्हती ती. तिलाही तसंच शिकवलेलं.

आता जे लिहिते ते बाबांनाही माहीत नाही. मागच्या खोलीत माझं बँडचं सामान असतं. बाहेर श्वेई-गेन काकांनी ढोलावर पहिली टिपरी मारली आणि मला राहवेना. माझ्याशिवाय बँड वाजणार, आणि वाजणार तो माझ्या मुलासाठी, हे मला सोसवेना. खिडकीवर गोधडी टाकलेली, खोलीत अंधार. मी चाचपडत खुंटीवरचा कोट काढला आणि झग्यावर चढवला, सोनेरी बटणं गळ्यापर्यंत लावली. मग गोधडीच्या फटीतून उजेड आला तेव्हा पाहिलं, पांढऱ्याऐवजी गुलाबी कोट हाती आला होता. म्हणजे ऐंशी ओलांडलेली म्हातारी माणसं जातात तेव्हा घालतो तो, जिलेबीसारख्या नक्षीचा, ज्याला दादा नेहमी हसायचा. सव्वीस वर्षांच्या पोरासाठी आईने तो घालावा, यापरता अपशकुन नाही. मी पहिलं बटण सोडलंसुद्धा. मग म्हटलं, राहू दे. जाऊ दे माझ्या मुलाला म्हातारा होऊन, नातवंडं-पणतवंडं मागे ठेवून गेल्यासारखा. आणि तशी उभी राहून मी सॅक्सोफोन तोंडाला लावला. फुंकर नाही घातली. फुंकर घातली असती तर अख्ख्या गल्लीला कळलं असतं. पण बाहेर त्यांचं निरोपाचं गाणं चालू होतं आणि आत माझी बोटं चालू होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक सूर न चुकवता. कळा दाबल्या की बारीक टकटक होते, तेवढाच आवाज. ओठ कापला म्हणून वाद्याला रक्त लागलं होतं, ते मी नंतर पुसलं. तुझ्या सिनेमात त्या बंद दारावर कॅमेरा किती वेळ थांबतो. राखाडी दार, राखाडी भिंत आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मी ते बघत होते आणि मला त्याच्या आतला गुलाबी दिसत होता. मला ते अख्खं गाणं ऐकू येत होतं.

हेच कारण असेल असं तुला वाटेल. थोडंफार आहेही. समुद्रावर निळा रंग येतो तेव्हा वाजव म्हणालात, पण माझं त्याच्यासाठीचं गाणं तर तिथे नव्हतंच कधी, ते आधीच होऊन गेलं होतं. दुसरी भीती जुनीच, मोठ्या काकूची. आईने वाजवलं आणि खरोखर त्याचा पाय अडकला तर? घरी आल्यावर मी देवळात जाऊन माझू देवीला विचारलं, वाजवू की नको. कौलाचे लाकडी तुकडे टाकले तर दोन्ही उताणे पडले, म्हणजे देवी हसली, उत्तर नाही. पुन्हा टाकले, पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही तेच. शेजारी बसलेली मासळीवाली अ-ग्योक म्हणाली, ‘बाई, तू काय विचारतेस ते तरी तिला नीट सांग.’ मला राग आला, पण घरी येताना वाटलं, खरंय तिचं. मी देवीला दादाबद्दल विचारत होते. दादा गेला, तो सुखरूप गेला, सहा वर्षांत एकदाही माझ्या स्वप्नात आला नाही, एवढा नीट गेला. माझी भीती त्याच्याबद्दलची उरलीच नव्हती.

अ-युन, तैपेईला मी त्या वाजवायच्या खोलीतून पळाले ते एका हाताला बघून. दार येतं, कॅमेरा थांबतो, आणि सगळे पेटीमागून निघाल्यावर ती बहीण एकटी मागे वळते, दारापाशी येते, थाप मारायला हात वर करते, आणि तसाच खाली घेऊन निघून जाते. आदल्या दिवशी पाहिलं तेव्हा वाटलं, हे तू मनाने रचलं असशील, सिनेमात रचतात. पण वाजवायच्या वेळी तुम्ही त्या दारापासून चित्र लावलंत आणि तेव्हा दिसलं, त्या मुलीने अंगठा मुठीच्या आत घेतला होता. अशी मूठ जगात फक्त तू वळतेस, बालवाडीपासून, आणि तू ती त्या नटीला शिकवलीस. म्हणजे तू आली होतीस. मला आजवर वाटायचं तू दादाबरोबर गेलीस, आणि तुला वाटायचं आई आत गप्प बसलीय, आणि मधे बोटभर जाडीचं लाकूड. हे मला सहा वर्षांनी, कानाला यंत्र लावून, चार परक्या माणसांसमोर कळलं. मग कुठला श्वास आणि कुठली फुंकर. म्हणून आता माझं उत्तर ऐक. तैपेईला मी येणार नाही. तुझ्या आवाजाच्या माणसाला घेऊन तू इकडे ये. मी मागच्या खोलीत बसेन आणि दार लावून घेईन. आवाज टिपायचं यंत्र माझ्याजवळ ठेवू नका, तुझ्याजवळ ठेवा, तू तिथेच उभी राहा, जिथे तेव्हा होतीस. मी वाजवीन, या वेळी फुंकर घालून. लाकडातून जेवढं बाहेर येईल तेवढं तुझं, सिनेमात घाल किंवा नको घालूस. आणि मधेच तुला दारावर थाप मारावीशी वाटली तर मार, रेकॉर्डिंग बिघडलं तर बिघडलं. मी उघडते.

वाट बघतेय,
तुझीच,
आई